साखर उतरली, मग इन्सुलिन का चालू?

मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करते आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. मधुमेहाने अत्यवस्थ झालेले मूल दाखल होते, सलाईन लागते, सिरिंज पंपातून इन्सुलिन सुरू होते आणि काही तासांनी सिस्टर सांगतात की पाचशेच्या पुढे गेलेली साखर आता अडीचशेवर आली आहे. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. तेवढ्यात त्यांच्या लक्षात येते की पंप तसाच चालू आहे आणि शिवाय आता ग्लुकोजची बाटलीही जोडली जात आहे. मग मुलाचा मामा किंवा काका मला गाठून विचारतो, "मॅडम, साखर तर उतरली, मग इन्सुलिन का चालू? आणि इन्सुलिन द्यायचंच होतं, तर ही साखरेची बाटली कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मधुमेह म्हणजे साखर वाढणे आणि इन्सुलिन म्हणजे साखर उतरवणारे औषध, एवढेच आपण सगळ्यांनी ऐकलेले असते आणि त्या हिशेबाने पाहिले तर आमचे वागणे विसंगत दिसते. दाराशी उभ्याउभ्या मी जे उत्तर देते ते अपुरे असते, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. पुढे औषधांच्या मात्रांचे आकडे येतील. ते उपचारामागचा विचार कळावा यासाठी आहेत. ते घरी वापरण्याचे धाडस कोणीही करू नये.

या अवस्थेचे वैद्यकीय नाव डायबेटिक किटोॲसिडोसिस. रुग्णालयात सगळे तिला डीकेए म्हणतात. मुलांमध्ये ती प्रामुख्याने टाइप १ मधुमेहात होते. या प्रकारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते, त्यामुळे इन्सुलिन कमी पडत पडत जवळजवळ संपते. इन्सुलिन नसले की दोन संकटे एकदम येतात. पहिले संकट साखरेचे. पेशींना न वापरता आलेली साखर रक्तात साठते, यकृतही नवी साखर तयार करून तीत भर घालते, ती लघवीवाटे जाताना आपल्याबरोबर पाणी, सोडियम आणि पोटॅशियम ओढून नेते आणि मूल आतून कोरडे पडते. दुसरे संकट चरबीचे आणि जिवावर बेतते ते मुख्यतः हेच. चरबीच्या साठ्यांना कुलूप लावून ठेवण्याचे काम एरवी इन्सुलिन करत असते. ते नाहीसे झाले की चरबीतील आम्ले सुटी होऊन यकृताकडे धावतात आणि यकृत त्यांच्यापासून किटोन बनवू लागते. बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि ॲसिटोॲसिटेट हे त्यांतले दोन मुख्य किटोन आम्लधर्मी आहेत. ते साचत गेले की रक्त आम्लधर्मी होत जाते आणि ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी मूल खोल, जोरजोरात श्वास घेऊ लागते. अशा श्वासाचे वर्णन ॲडॉल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७४ साली केले आणि आजही आम्ही त्याच्याच नावाने तो ओळखतो. तिसरा किटोन ॲसिटोन. तो श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून मुलाच्या तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो.

निदानाचे निकष पाहिले तरी या दोन संकटांचे वेगळेपण दिसते. साखर २०० मिलिग्रॅमच्या वर, रक्ताचा पीएच (आम्लाचे माप; आम्ल वाढते तसा हा आकडा उतरतो) ७.३ च्या खाली किंवा बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल निष्प्रभ करणारा रक्तातील क्षार, १८ च्या खाली आणि रक्तात किंवा लघवीत भरपूर किटोन, असे तिन्ही जमून आले तर ते डीकेए. पण आजार किती गंभीर आहे हे ठरवताना साखरेचा आकडा कोणी विचारत नाही. पीएच ७.२ च्या खाली गेला तर मध्यम आणि ७.१ च्या खाली गेला तर तीव्र, अशी प्रतवारी आम्लाच्या आकड्यावरून होते. साखर ६०० असलेले मूल कधी सौम्य गटात असते आणि साडेतीनशे असलेले मूल कधी व्हेंटिलेटरच्या उंबरठ्यावर असते. ग्लुकोमीटरवरचा आकडा सर्वांना दिसतो, वाचता येतो, फोनवर गावाकडे कळवता येतो. पीएचचा आकडा कागदावर राहतो. नातेवाइकांची आणि आमची नजर वेगवेगळ्या आकड्यांवर खिळलेली असते आणि त्या प्रश्नाचे मूळ तेथेच आहे.

इन्सुलिनच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर हा फरक नोंदलेला आहे. टोरांटोच्या जनरल हॉस्पिटलमध्ये ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे इंजेक्शन देण्यात आले. त्या काळच्या उपासमारीच्या पथ्यामुळे त्याचे वजन २९ किलोंच्या आसपास उरले होते. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी तयार केलेल्या त्या अर्काने रक्तातील साखर काहीशी उतरली, पण किटोन तसेच राहिले, टोचल्या जागी गळू झाले आणि मुलाला कसलाही आराम पडला नाही. तो प्रयोग तेथेच थांबवण्यात आला. त्यानंतर जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून तो पुन्हा देण्यास सुरुवात झाली. या वेळी साखर तर उतरलीच, पण लघवीतले किटोनही नाहीसे झाले आणि मुलगा हिंडूफिरू लागला. पहिल्या इंजेक्शननेही साखर उतरली होती, तरी त्याला कोणी यश म्हटले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लेनर्ड पुढे १३ वर्षे जगला. त्यापूर्वी टाइप १ मधुमेह झालेले मूल बहुतेक वेळा काही महिन्यांत, फार तर एखाद-दोन वर्षांत, याच किटोनच्या बेशुद्धीत दगावत असे.

औषध हाती आले तरी ते किती द्यायचे याचा अंदाज यायला आणखी अर्धशतक गेले. डीकेएमध्ये इन्सुलिनचा परिणाम कमी होतो अशी समजूत होती, त्यामुळे प्रौढ रुग्णांना पहिल्या दिवसातच शेकडो युनिट देण्याची रीत पडली. साखर धाडकन खाली येई, पोटॅशियमही तसेच कोसळे आणि किटोनच्या बेशुद्धीतून वाचलेला रुग्ण कधी पोटॅशियमच्या अभावी हृदय बंद पडून जाई. १९७३ साली ब्रिटनमध्ये ॲल्बर्टी, हॉकडे आणि टर्नर यांनी स्नायूत दर तासाला ५ ते १० युनिट एवढ्या लहान मात्रांवर काम भागते असे दाखवले आणि पाठोपाठ शिरेतून संथपणे इन्सुलिन देण्याची पद्धत रुळली. वजनाच्या दर किलोला तासाला ०.१ युनिट या वेगाने इन्सुलिन दिले की किटोनची निर्मिती थांबवायला लागते तेवढी त्याची पातळी रक्तात येते. त्याहून अधिक ओतून किटोन लवकर जात नाहीत, धोका मात्र वाढतो. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेतील डॉक्टरांनी ५० मुलांवर केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर याच्याही निम्म्या, म्हणजे ०.०५ युनिटच्या मात्रेचा होता. साखर उतरण्याचा आणि आम्ल निवळण्याचा वेग दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच आढळला. लहान आणि कुपोषित मुले ज्यांच्याकडे जास्त येतात अशा आपल्याकडच्या डॉक्टरांना हा निष्कर्ष विशेष उपयोगी आहे.

पण इन्सुलिनपर्यंत पोहोचण्याआधी मूल आमच्यापर्यंत पोहोचावे लागते आणि आपल्याकडे बराचसा घात तेथे होतो. मूल काही आठवडे सारखे पाणी मागत असते, रात्री लघवीला उठत असते, अंथरूण ओले करणे सुटलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागते, भरपूर खाऊनही वाळत जाते. खेड्यात कित्येक आया सांगतात की मोरीत लघवीला मुंग्या लागत होत्या. हे सगळे त्यांच्या डोळ्यांसमोर असते, पण लहान मुलाला शुगर होते हेच कोणाच्या मनात येत नाही. मग उलट्या सुरू होतात आणि पोट बिघडल्याचा उपचार होतो. पोटात जोरात दुखते आणि अपेंडिक्सची शंका घेतली जाते. धाप लागते आणि न्यूमोनिया किंवा दमा ठरतो, जरी छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर दोन्ही बाजू स्वच्छ ऐकू येत असल्या तरी. अशक्तपणा आला म्हणून घरी ग्लुकोज पावडरीचे पाणी पाजले जाते आणि दवाखान्यात साखर असलेले सलाईन चढते. धाप लागलेल्या, पण छाती स्वच्छ असलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाला एक टोचणी मारून साखर पाहावी, एवढाच माझा माझ्या व्यवसायबंधूंना आग्रह आहे. शरीरातले पाणी आटले असताना लघवी मात्र भरपूर होत असेल, तर जुलाब-उलट्यांच्या आजारात हे बसत नाही, ही खूणही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इटलीतील पार्मा प्रांतात १९९१ साली एक अत्यंत साधा उपक्रम सुरू झाला. शाळाशाळांत भित्तिपत्रके लावली, ज्यांत मुलाने पुन्हा अंथरूण ओले करणे ही मधुमेहाची खूण असू शकते असे चित्रासह सांगितले होते, आणि परिसरातील बालरोगतज्ज्ञांना साखर तपासण्याची साधने दिली. त्याआधीच्या काळात मधुमेहाचे नवे निदान होणाऱ्या मुलांपैकी ७८ टक्के मुले डीकेएच्या अवस्थेत येत असत. उपक्रमानंतरच्या वर्षांत हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. आपल्या अंगणवाड्यांच्या भिंती पोषणाच्या तक्त्यांनी भरलेल्या असतात. त्यांत असे एक भित्तिपत्रक सहज मावेल.

आता उपचारांकडे येते. पहिल्या तासात आम्ही इन्सुलिन देतच नाही आणि तो उशीर हेतुपुरस्सर असतो. आधी साधे, म्हणजे ०.९ टक्के मिठाचे सलाईन, किलोला १० ते २० मिलिलिटर या हिशेबाने, साधारण अर्ध्या तासात जाते. २० किलोच्या मुलाला ते २०० ते ४०० मिलिलिटर होते. रक्ताभिसरण सावरते, मूत्रपिंडांना रक्त पोहोचते आणि केवळ या पाण्यानेच साखर लक्षणीय उतरू लागते. साखर उतरली म्हणजे इन्सुलिनचे काम झाले, या समजुतीतील दोष येथेच कळतो. इन्सुलिनचा थेंबही न देता साखर उतरते, किटोनची निर्मिती मात्र इन्सुलिनवाचून थांबत नाही. उरलेली पाण्याची तूट भरून काढायला २४ ते ४८ तास घेतले जातात.

दरम्यान पोटॅशियमची तपासणी येते. डीकेएमधील मुलाच्या शरीरातून पोटॅशियम मोठ्या प्रमाणात गेलेले असते, पण आम्लामुळे आणि इन्सुलिनच्या अभावामुळे पेशींतले पोटॅशियम रक्तात आलेले असते, म्हणून सुरुवातीचा अहवाल बहुधा नॉर्मल किंवा थोडा जास्तच येतो. इन्सुलिन सुरू होताच ते पुन्हा पेशींत शिरते आणि रक्तातली पातळी झपाट्याने घसरते. म्हणून इन्सुलिनबरोबरच सलाईनमध्ये लिटरला ४० मिलिमोल पोटॅशियम घालावे लागते. अहवालात ते आधीच ३ च्या खाली असेल, तर प्रथम पोटॅशियम आणि नंतर इन्सुलिन असा क्रम लावावा लागतो. त्या वेळी "साखर एवढी आहे आणि तुम्ही अजून इन्सुलिन देत नाही?" असे कोणी चढ्या आवाजात विचारले, तर मी शांतपणे ईसीजीच्या पडद्याकडे बोट दाखवते.

मग पंप. ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट साधे इन्सुलिन मिसळले की एका मिलिलिटरमध्ये एक युनिट होते आणि २० किलोच्या मुलाला तासाला एक ते दोन मिलिलिटर पुरते. एवढ्या मोठ्या आजारावर एवढेसे औषध पाहून नातेवाइकांना विश्वास वाटत नाही. सुरुवातीला एकदम मोठा डोस शिरेतून देण्याची पद्धत मुलांमध्ये पूर्णपणे सोडून दिलेली आहे. शिरेतून दिलेले इन्सुलिन काही मिनिटांतच रक्तातून नाहीसे होते, त्यामुळे पंप बंद पडला, नळी निसटली किंवा मुलाला एक्स-रेला नेताना पंप बाजूला ठेवला, तर तेवढ्या वेळात किटोन पुन्हा बनू लागतात. इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीच्या आतल्या भिंतीलाही चिकटते, म्हणून मुलाला जोडण्याआधी तयार द्रावणातले काही मिलिलिटर नळीतून वाहू देऊन फेकून द्यावे लागतात; हे न केल्यास पहिला तासभर मुलाला औषध पुरेसे मिळतच नाही आणि आम्ही मात्र मात्रा कमी पडली की काय याचा विचार करत बसतो.

भारतात आणखी एक जोखीम आहे. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांत मिळते. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण लाल, १०० साठीच्या सिरिंजचे नारिंगी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी जमली, तर प्रत्येक वेळी अडीचपट इन्सुलिन जाते. उलट जोडीत ते निम्म्याहूनही कमी जाते. आमच्या विभागात द्रावण तयार करताना दोन सिस्टर एकमेकींना बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचून दाखवतात. घरी पाठवतानाही मी आईवडिलांकडून बाटली आणि सिरिंज दोन्ही हातात धरून तेच वाचून घेते.

आता मामांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. साखर साधारण २५० ते ३०० वर आली, किंवा त्याआधीच ती फार वेगाने घसरू लागली, की सलाईनमध्ये ५ टक्के ग्लुकोज घातले जाते, गरज पडल्यास १० टक्केही. साखर आधी उतरते आणि आम्ल निवळायला तिच्यानंतर आणखी कित्येक तास लागतात. त्या मधल्या तासांत मुलाला इन्सुलिन हवेच असते, कारण किटोनची निर्मिती फक्त त्यानेच थांबते. पण इन्सुलिन चालू ठेवले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाईल. यातून वाट एकच, इन्सुलिन चालू ठेवायचे आणि साखर बाहेरून पुरवायची. इन्सुलिन मिळाले की साचलेले किटोन शरीर जाळून टाकते आणि त्या क्रियेत बायकार्बोनेट आपोआप तयार होते. आम्ल उतरवण्यासाठी बाहेरून सोड्याची इंजेक्शने देण्याचा जुना उपचार म्हणूनच मागे पडला, शिवाय मेंदूच्या सुजेशी त्याचा संबंध आढळल्याने तो आता नेहमीच्या उपचारात देतच नाहीत. नातेवाइकांना मी टायफॉइडचे उदाहरण देते. ताप उतरला म्हणून आपण टायफॉइडचे औषध अर्ध्यावर सोडत नाही, तसे येथे साखर उतरली म्हणून इन्सुलिन सोडायचे नाही. हे मात्र लगेच पटते, कारण टायफॉइड प्रत्येक घराने पाहिलेला असतो.

सगळे इतके संथ का, याचे दुसरे कारण मेंदूची सूज. डीकेएमधील शंभर मुलांत एकापेक्षाही कमी मुलांना ती होते, पण झाली तर त्यांतली सुमारे पाचातले एक मूल दगावते आणि वाचलेल्यांपैकी काहींच्या मेंदूला कायमची इजा होते. ती बहुधा उपचार सुरू झाल्यानंतरच्या ४ ते १२ तासांत दिसते, म्हणजे अहवाल सुधारत असताना आणि घरचे निर्धास्त होत असताना. पूर्वी सलाईन भराभर दिल्यानेच ती होते असे मानले जाई आणि त्या धास्तीपोटी कित्येक मुलांना हवे तेवढे पाणीही मिळत नसे. २०१८ साली अमेरिकेतील १३ रुग्णालयांत १,३८९ प्रसंगांवर आधारलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सलाईनचा वेग आणि त्यातील मिठाचे प्रमाण बदलूनही मेंदूवरील परिणामात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे आता सलाईनबाबतची जुनी कंजुषी कमी झाली आहे, परंतु लक्ष ठेवण्यात ढिलाई आलेली नाही आणि येऊही नये. दर तासाला मुलाशी बोलायचे, त्याला त्याचे नाव, शाळा, भावंडे विचारायची, नाडीचा वेग आणि रक्तदाब पाहायचा. डोके दुखू लागले, थांबलेली उलटी पुन्हा सुरू झाली, नाडी मंदावली, रक्तदाब चढला, मूल उगाच चिडचिड करू लागले किंवा झापड येऊ लागली, तर सीटी स्कॅनची वाट न पाहता मॅनिटॉल हे मेंदूची सूज उतरवणारे औषध किंवा ३ टक्के मिठाचे सलाईन द्यायचे असते. ते पहिल्यापासून खाटेशेजारी तयार ठेवतो. आमच्या यंत्रांपेक्षा आईला मुलातला फरक कधी कधी आधी कळतो. "हा असं बोलत नाही कधी," एवढे तिचे वाक्य मला पुरेसे असते, आणि म्हणून या मुलांच्या आईला मी खाटेपासून दूर पाठवत नाही.

या तासांत नातेवाइकांना सर्वांत जड जाते ती मुलाची तहान. ओठ सुकलेले, जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि मूल "पाणी, पाणी" करत असते. शिरेतून पाणी जात आहे हे त्याला कसे कळणार? उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि पोटातून किती पाणी शोषले गेले याचा हिशेबही लागत नाही, म्हणून पहिले काही तास तोंडाने काही देता येत नाही. ओठ ओल्या कापसाने पुसणे, पुढे शुद्ध पूर्ण असेल तर थोडा बर्फ चोखायला देणे, एवढेच हाती असते. आजीने पदराआड लपवून आणलेला शहाळ्याचा पेला मी जप्त करते खरी, पण तिच्या डोळ्यांकडे पाहण्याचे टाळते.

हे सगळे अतिदक्षता विभाग असलेल्या जागेचे झाले. तालुक्याच्या गावी सिरिंज पंप नसतो, पोटॅशियमचा अहवाल मिळायला वेळ लागतो. तेथे साधे सलाईन सुरू करून, साखरेचे सलाईन टाळून आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून १०८ ने मुलाला पाठवणे हे उत्तम. पोहोचायला फारच वेळ लागणार असेल, तर पुढच्या डॉक्टरांशी बोलून त्वचेखाली किंवा स्नायूत ठरावीक अंतराने इन्सुलिन देता येते. सौम्य डीकेएमध्ये हा मार्ग मान्यताप्राप्त आहे आणि त्याने मुले बरी होतात. पंप नाही म्हणून मूल हातचे गेले असे होण्याचे कारण नाही.

पंप बंद करण्याचा निर्णयही आम्ही साखरेवरून घेत नाही. पीएच ७.३ च्या वर, बायकार्बोनेट १८ च्या वर, मूल पूर्ण शुद्धीवर आणि काही खाण्याच्या तयारीत, हे सगळे जुळले की त्वचेखालचे इन्सुलिन सुरू होते. ते अंगात भिनायला वेळ लागतो, म्हणून आधी ते इंजेक्शन आणि त्यानंतर काही वेळाने पंप बंद, असा क्रम पाळावा लागतो. लघवीतील किटोन मात्र या टप्प्यावर फसवतात. लघवीची पट्टी फक्त ॲसिटोॲसिटेट दाखवते आणि बरे होताना बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटचे रूपांतर त्याच ॲसिटोॲसिटेटमध्ये होत असते, त्यामुळे मूल सुधारत असतानाही पट्टी गडद येते आणि घरचे घाबरतात. रक्तातील किटोन मोजणारे मीटर असले तर हा घोळ होत नाही.

घरी गेलेली काही मुले परत येतात, तीही डीकेए घेऊनच, आणि दर वेळी कारण एकच असते, इन्सुलिन चुकलेले असते. ते चुकण्याच्या वाटा मात्र अनेक. निदानानंतर काही आठवड्यांनी उरल्यासुरल्या बीटा पेशी थोडे काम करू लागतात, इन्सुलिनची गरज खूप कमी होते आणि मधुमेह बरा झाला असे वाटते. नेमक्या त्याच सुमारास "मुळापासून घालवतो" म्हणणारा कोणीतरी भेटतो. पौगंडावस्थेतली मुले वर्गात टोचायला लाजतात. कोठे उन्हाळ्यात वीज दिवसदिवस नसते आणि बाटली तापून निकामी होते; अशा घरांना मी पाण्याच्या माठाशेजारी वाळूत ठेवलेल्या, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या लहान मडक्यात बाटली ठेवायला सांगते. कोठे पैसेच संपलेले असतात आणि तो विषय एका लेखात उरकण्यासारखा नाही.

पण सर्वांत अधिक वेळा इन्सुलिन आईनेच पूर्ण विचारांती थांबवलेले असते. मुलाला ताप आला, उलट्या झाल्या, दोन दिवस जेवण नाही. मग पोटात अन्न नसताना इन्सुलिन दिले तर साखर उतरून मूल बेशुद्ध पडेल, या भीतीने ती ते बंद करते. रुग्णालयात तिला साखर उतरण्याचीच भीती शिकवलेली असते, त्यामुळे तिचा तर्क चुकीचा म्हणता येत नाही. आजारपणात शरीराची इन्सुलिनची गरज बहुधा वाढते आणि मूल उपाशी असले तरी किटोन रोखण्यासाठी दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन लागतेच, हे तिला कोणी सांगितलेले नसते. म्हणून घरी सोडतानाच्या कागदावर मी सर्वांत वर मराठीत, ठळक अक्षरांत लिहिते: जेवण बंद झाले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही, मात्रा किती ते फोन करून विचारायचे. दर दोन-तीन तासांनी साखर तपासायची. साखर अडीचशेच्या वर असेल किंवा उलट्या होत असतील तर लघवीतील किटोन पाहायचे. साखर उतरत चालली आणि मूल काही खात नसेल, तर इन्सुलिन थांबवण्याऐवजी साखरेचे पाणी घोटघोट द्यायचे. उलटी थांबत नसेल, पोट दुखत असेल, धाप लागली असेल किंवा मूल सुस्त पडले असेल, तर ग्लुकोमीटर काहीही दाखवो, निघायचे.

रक्तातील किटोनच्या पट्ट्या आमच्या गावात सहज मिळत नाहीत आणि महागही पडतात; लघवीच्या पट्ट्या मात्र मोठ्या औषध दुकानात मागवून मिळतात. डबी उघडल्यावर ओल लागून त्या लवकर खराब होतात, म्हणून उघडल्याची तारीख डबीवर लिहून ठेवावी आणि पट्टी काढून झाली की झाकण लगेच घट्ट लावावे.